ठिपका आधी

काकांच्या घराण्यात तीन पिढ्या एकच काम चालत आलं होतं: शौर्यपदकाच्या ताऱ्याच्या काठावर नाव कोरायचं. आजोबांच्या काळी हा तारा फक्त सेनानायकाला मिळे, आणि तोही आपली माणसं माघारी घेऊन आलेल्यालाच. वडिलांच्या काळात मोठं युद्ध झालं, माघारी येणारेच कमी पडले, तेव्हा नियम बदलला. साध्या शिपायालाही तारा मिळू लागला, आणि जो परत आला नाही त्याच्या नंबरानंतर काठावर एक ठिपका आला. वडिलांनी उभ्या जन्मात एकोणीस ठिपके कोरले. काकांनी मात्र यंदाच्या हिवाळ्यात एकूण बेरीज करणंच सोडून दिलं होतं.

ताऱ्याच्या मधल्या चकतीचा काठ गोल. सुरुवातीपासून कोरत गेलं, की शेवटची अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढतात. म्हणून आजोबांनी रीत पाडली, शेवटून सुरुवातीकडे यायचं. ठिपका आधी, मग नंबर, मग नाव, हुद्दा सगळ्यांत शेवटी, कारण जागा कमी पडली तर तोच आखूड करता येतो. माणूस गेला हे काकांना पहिल्याच घावाला कळे. कोण गेला, ते मागाहून.

काकांचा मुलगा आघाडीवर कप्तान होता. सात आठवडे त्याचं पत्र नव्हतं. रोज संध्याकाळी सून दार उघडायची आणि पायातल्या चपला निघायच्या आत विचारायची, "मामंजी, आज ठिपके किती?"

त्या सकाळी तपासनीस बाई यादी घेऊन समोर बसल्या. यादीवर पुठ्ठा. एका वेळी एकच अक्षर उघडं करायचं, म्हणजे वाचणारीची नजरही पुढे धावत नाही.

"चहा सांगू का हो?"

"चहानं छिन्नी चालत नाही, बाई. वाचा."

"ठिपका."

काकांनी कोरला.

"सात."

मुलाचा नंबर सातानंच संपत होता. तसे शेकड्यानं असतील, काकांनी मनाला समजावलं.

"दोन."

तोही जुळला.

"एक."

आता एकच आकडा उरला. बाई चष्मा पुसत बसल्या. कानात नुसती घणघण, आणि त्या घणघणीत काकांचा हात त्यांना न विचारता पुढे गेला.

"नऊ," बाई म्हणाल्या. "काका, नऊ म्हटलं मी."

काकांनी तारा पुढे केला. काठावर चार होता.

"अहो, तीस वर्षांत कधी चुकला नाहीत! हा कुणाचा नंबर?"

"घरचा."

बाईंच्या हातातला पुठ्ठा खाली पडला. मग त्या हळूच म्हणाल्या, "द्या इकडे. मी फोडते."

चुकलेला तारा कोरणाऱ्यानंच ऐरणीवर फोडायचा, ही रीतही आजोबांचीच. "नको," काका म्हणाले. हातोडा उचलला. तीन घावांत टोकं तुटली, नंबर तसाच. चौथ्या घावाला काकांनी डोळे मिटले.

मग दुसरा तारा पकडीत धरला. "ठिपका," बाईंनी पुन्हा सुरुवात केली. कुणाच्या तरी दुसऱ्या घरचा.

संध्याकाळी सून दारातच उभी होती. पत्र आलं नव्हतं, हे तिच्या तोंडावरच दिसत होतं.

"मामंजी, आज किती?"

"एक," काका म्हणाले.

कोरले होते दोन.