तबकडीतला पेशंट

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला घरी ॲम्ब्युलन्स आली होती. घरात आजारी कोणीच नव्हतं. मी फक्त गाणी लावली होती.

झालं असं, की हल्ली जुन्या तबकड्या पुन्हा नव्याने निघतात. मीही हौसेने रेकॉर्ड प्लेअर घेतला (गंगापूर रोडला राहायचं तर घरात एक तरी वस्तू न परवडणारी लागतेच!) आणि सोल संगीतातल्या जुन्या अमेरिकन प्रेमगीतांची ताजी तबकडी मागवली. तेव्हापासून बायकोला, वैशालीला, माझं एकच पालुपद, "मोबाइलवर ऐकणं म्हणजे ऐकणं नव्हे!"

वाढदिवसाच्या सकाळी सासरे निफाडहून द्राक्षांची पेटी घेऊन आले. (दुसरी पेटी ते गावच्या भजनी मंडळात वाजवतात.) जावयाला गाण्यातलं कळतं, हे दाखवायची हीच संधी! मी तबकडी पुसली, सुई टेकवली, आवाज मोठा केला आणि डोळे मिटले.

"ऊंऽऽऽ... हूंऽऽऽ..."

गोठ्यात म्हैस अडलीय, असा आवाज!

"जावईबापू," सासरे हळूच म्हणाले, "याला काय होतंय?"

"दुःख होतंय, बाबा. सोल आहे हे. सोल म्हणजे आत्मा!"

"मग सुटत का नाय तो?"

"अहो, काहीतरी बिघडलंय," वैशाली म्हणाली.

"काही बिघडलेलं नाही! आवाजाची खोली बघ!"

"खोली कसली, विहीर आहे ती!"

इतक्यात बेल वाजली. दारात शेजारच्या पाटणकर काकू, हातात बीपीचं मशीन. "वैशाली, बाबा आलेत ना तुझे? केव्हाचं कण्हणं ऐकू येतंय गं!" म्हणत त्यांनी सासऱ्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळलासुद्धा. तेवढ्यात आतून पुन्हा "आँऽऽऽऽ!" काकू दचकल्या. "अगंबाई! आणखी कोण आहे?"

"काकू, ते प्रेमगीत आहे," मी समजावलं.

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं, सासऱ्यांच्या दंडाचा पट्टा सोडवला आणि माझ्या दंडाला बांधला.

त्यांनी येण्याआधीच ॲम्ब्युलन्सला फोन केला होता, हे आम्हाला स्ट्रेचर दारात अडकल्यावर कळलं.

"पेशंट कुठाय?" स्ट्रेचर धरलेल्या दोघांनी धापा टाकत विचारलं.

सासऱ्यांनी तोंडात द्राक्ष टाकलं आणि प्लेअरकडे बोट दाखवलं. "तो बघा. लय हाल चाललेत. एकदाचं न्या!"

वैशाली उठली, तबकडीवर वाकली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ही पंचेचाळीसच्या वेगाची आहे! तुम्ही तेहेतीसवर लावलीत!"

तिने बटण सरकवलं आणि तिरडीवरून उठून बसावा तसा तो गायक टुणकन सुरात आला! असा मऊ, असा लाडिक आवाज, की काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि स्ट्रेचरवाल्याने पायाने ताल धरला. मी बीपीचा पट्टा बांधलेला हात हलवत दाद देत होतो.

"गातो बाकी झकास," सासरे म्हणाले. "पण एवढं काय विनवतोय?"

वैशालीने कान देऊन ऐकलं. "बायको सोडून गेलीय त्याला, बाबा."

"का गं?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. "त्याला वाटायचं, गाण्यातलं सगळं फक्त त्यालाच कळतं."

मी कव्हरवर छापलेले शब्द दोनदा वाचले. ही ओळ त्यात कुठेच नव्हती. पण मी गप्प बसलो. काकू माझं बीपी मोजत होत्या!