सुलट भरलेला ट्रक

माझी धाकटी सून गाण्याच्या कार्यक्रमांची स्टेज उभी करते. गाणं म्हणजे रॉक. त्यात गाणारे ओरडतात आणि ऐकणारे त्यांच्याहून जास्त ओरडतात. लोकांना गाणारे दिसतात, हिला ट्रक, लोखंड, वायरी आणि कामगारांचे जागरणाने तांबारलेले डोळे दिसतात.

या धंद्यात ट्रक उलटा भरतात, हे मला तिच्यामुळेच कळलं. जे आधी लागणार ते शेवटी चढवायचं, म्हणजे दार उघडलं की तेच हाताशी. छपराचं लोखंड दाराशी, ड्रम अगदी आत. ही खोड तिच्या हाडीमाशी इतकी खिळली आहे, की गावाला जाताना बॅगाही तीच भरते. माझा टॉवेल कायम सगळ्यात वर, कारण म्हातारा पोचला रे पोचला की आंघोळीला पळणार, हे तिला ठाऊक.

त्या महिन्यात कार्यक्रमांची माळच लागली होती. एका गावची स्टेज उतरवायची, ट्रकमध्ये कोंबायची आणि पुढच्या गावी पुन्हा चढवायची. मधल्या एका दुपारी ती घरी आली. खांद्यात फोन धरून, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत गोदामातल्या हमालाला क्रम सांगत होती: आधी छप्पर, मग दिवे, मग स्पीकर, शेवटी ड्रम. जुना हमाल असता तर त्याने आपणहून उलटा क्रम लावला असता. हा नवा, भलताच आज्ञाधारक.

पुढचा कार्यक्रम आमच्या घराजवळच्याच मैदानावर होता, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा डबा घेऊन मीच गेलो. ट्रकचं दार उघडलं, तर समोर ड्रम विराजमान. छप्पर पार आत. दुपारी स्टेजची मजबुती बघायला तपासणीस यायचा होता. तोवर छप्पर वर गेलेलं नसेल, तर कार्यक्रम रद्द.

उंचावर चढणाऱ्या आडदांड गड्याला सगळे ‘खार’ म्हणतात. तो म्हणाला, “ताई, आज आधी गाऊन घेऊ. मग बांधू सावकाश.”

कोणी हसलं नाही. ती फळीवर बसली. “मीच सांगितलं तसं,” म्हणाली, “त्या बिचाऱ्याला कोणी बोलू नका.”

सगळं सामान गवतावर ताडपत्रीवर काढावं लागलं. छप्पर वर गेलं तेव्हा तपासणीस फाटकात उभा होता. आता उरला होता स्टेजच्या पाठीमागचा मोठा पडदा. तो टांगायला खारीला पुन्हा वर चढावं लागणार होतं, आणि खार पाण्याचा पेला धरून उभ्या उभ्या पेंगत होता.

चकचकीत बुटांचे आयोजक आले. पडदा हवाच, लोकांना तसं सांगून बसलोय, म्हणाले. तिने हात जोडून समजावलं, माणसं थकली आहेत, चूक माझी आहे. ते ऐकेनात. पडदा नसेल तर पुढच्या एकाही कार्यक्रमाला तुम्हाला बोलावणार नाही, असं तोंडावर सांगितलं. हेच काम म्हणजे तिचा जीव की प्राण.

तिने खारीकडे पाहिलं. “आज वर कोणी जाणार नाही,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी दुसरं कोणी बोलवा.”

पडदा गुंडाळलेलाच राहिला. आयोजक पाय आपटत निघून गेले. खार मात्र पेला ठेवून जागच्या जागी आडवा झाला आणि घोरू लागला.

संध्याकाळी गाणं सुरू झालं. माझी कवळी हलायला लागली, इतका आवाज. पोरं नाचत होती, पडद्याची आठवणसुद्धा कोणाला नव्हती. स्टेजच्या मागे, वायरींच्या पेट्यांवर, माझी सून गाढ झोपली होती. घाम पुसायला पिशवीत घेतलेला माझा टॉवेल मी तिच्या अंगावर घातला. डबा तसाच होता.

शेवटचं गाणं संपलं, मैदान गप्प झालं आणि त्या शांततेने ती दचकून उठली.

“बाबा, ट्रक लागला का?” तिने विचारलं. मग अंगावरच्या टॉवेलची घडी घालून माझ्या पिशवीत ठेवली. सगळ्यात वर.