बायाचं हसू

टाकवे बुद्रुकमध्ये पिठाच्या गिरणीवर माळा आहे, तिथं निवृत्तीचं दुकान. खाली गिरण सुरू झाली की वर त्याचं टेबल थरथरतं आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर पिठाची साय धरते. म्हणून आवाजाचं बारीक काम तो गिरण बंद असेल तेव्हाच उरकतो. गुरुवारी लाईट नसते, तेव्हा गिरणही बंद आणि निवृत्तीही.

पंधरा वर्षं त्यानं लग्नं कापली. गावात बोलायची तऱ्हाच तशी, 'आमचं लगीन निवृत्तीनं कापलं.' म्हणजे शूटिंग केलं, जोडलं, गाणी घालून पेनड्राईव्हवर दिलं. लग्नात काय ठेवायचं हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. मानपानावरून तोंड वाकडं केलेली आत्या, रुसलेला जावई, पंगतीत दुसऱ्यांदा बसलेला मामा, हे सगळं काढायचं. हसू तेवढं ठेवायचं.

मग तळेगावचा धवल आला. नोकरी सोडून त्यानं यूट्यूबवर मालिका काढली, 'चुलीम्होरं.' दर रविवारी एक भाग, सासूसुनेची भांडणं. सासू त्याला लोहगडवाडीत सापडली. गडावर जाणाऱ्या पोरांना ताक आणि कांदाभजी विकणारी, नाव बाया. साठीची, काळीसावळी, पुढचा एक दात पडलेला, डोक्यावरचा पदर कानामागं खोचलेला. तिचा नवरा बुधा चुलीत लाकडं सारायचा. उभ्या जन्मात बाईनं कुणाला अरेतुरे केलं नव्हतं, पण कॅमेऱ्यापुढं उभी केली तर अशी कडाडली की झाडावरची पाखरं उडाली.

एकच खोड होती. शिवी संपली रे संपली की ती हसायची.

"मावशी, हसायचं नाही!" धवल कपाळाला हात लावायचा. "सीन संपेपर्यंत तोंड तसंच ठेवा."

"आरं बाबा, येवड्या गुनाची पोरगी," बाया सुनेचं काम करणाऱ्या अश्लेषाच्या गालावरून हात फिरवायची, "तिला अवदसा म्हनायचं आन् हसायचं बी न्हाई? मग तिला खरंच वाटंल की!"

शेवटी धवलनं नाद सोडला. "निवृत्तीभाऊ, हसू तुम्ही कापा."

तेव्हापासून निवृत्तीचं काम उलटं झालं. इथं रुसवा ठेवायचा आणि हसू काढायचं. बायाचं हसू त्याला तिच्या घरच्यांपेक्षा जास्त पाठ झालं, कारण ते नेमकं कुठं सुरू होतं हे कळल्याशिवाय कात्री लागत नव्हती. कानाला हेडफोन लावून तो ऐकायचा. आधी हुंदक्यासारखा एक श्वास आत. मग तीन पायऱ्या उतरल्यासारखं ह्ह-ह्ह-ह्ह. शेवटी खोकला. श्वास घ्यायच्या आधी कापायचं. अडतीस भाग त्यानं तसेच कापले.

एकदा बाया माळ्यावर आली होती, बाटलीत ताक घेऊन. स्वतःला पडद्यावर बघून म्हणाली, "निवृत्तीभाऊ, मी एवडी हसते, त्ये कुटं जातं वं?"

"जातंय कुठं मावशी, हितंच डब्यात पडतंय."

"मग ठिवा नीट. कवातरी द्या आमाला माघारी. घरात फोटू बी न्हाई माजा."

"देतो की!" तो ताक पीत म्हणाला.

डबा वगैरे काही नव्हतं. हार्डडिस्क एकच. रविवारी भाग यूट्यूबवर चढला की सोमवारी जुनं सगळं पुसायचं आणि तिच्यावर पुढचं भरायचं. लग्नांपासूनची सवय. गिऱ्हाइकाच्या हातात पेनड्राईव्ह पडला की आपली पाटी कोरी.

भादव्यात बाया तापानं गेली. आठ दिवसांत खेळ खलास.

मालिका थांबवणं धवलला परवडणारं नव्हतं. त्यानं सुनेच्या तोंडी एक वाक्य घातलं, 'सासूबाई लेकीकडं गेल्यात.' निवृत्तीनं ते जोडलं. त्या भागाखाली लोकांनी लिहिलं, 'बरं झालं, ब्याद गेली.' 'म्हातारी परत आणू नका.' कित्येकांनी हसरी तोंडं टाकली. निवृत्तीनं फोन उपडा ठेवला आणि खाली जाऊन उगाच गिरणीवाल्याशी बोलत बसला.

वर्ष होत आलं तेव्हा बुधा जिना चढून आला. मळवलीहून लोकल, कामशेतहून वडापची जीप. हाताला नात, छकुली, चार वर्षांची. पडद्यावर थांबलेल्या चित्रात कुणीतरी बाई दिसली तशी पोर आजोबाच्या धोतरामागं लपली.

"भ्येती," बुधा म्हणाला. "फोनवर आजी बघती आन् रडती. वाडीतली पोरं बी तिला म्हनत्यात, तुजी आजी हडळ हुती. आता हिला कसं सांगू भाऊ? हिला तर काय ध्यानात न्हाई." त्यानं पोरीला धोतरामागून पुढं घेतलं. "बाया म्हनलीवती, माजं हसनं निवृत्तीभाऊपाशी हाय ठिवल्यालं. तेवडं द्या. हिला दावतो."

निवृत्तीनं टेबलावरच्या हार्डडिस्ककडं बघितलं. "आठ दिवसांनी या आबा," एवढंच बोलला.

हार्डडिस्क घेऊन तो तळेगावला एका माहितगाराकडं गेला. त्यानं दोन दिवस ठेवून घेतली आणि मान हलवली. "पुसलेलं निघालं असतं. पण यावर तुम्ही वर्षभर लिहिताय. एकावर एक. खाली काही उरलं नाही."

मग निवृत्ती चढलेले भाग बघायला बसला. पहिल्यापासून. शिवी, कट. शिवी, कट. आपला हात एवढा नेमका असल्याची त्याला पहिल्यांदाच लाज वाटली. एकोणिसाव्या भागात मात्र कट उशिरा पडला होता. त्याला आठवलं. त्या दिवशी ऐन वेळी गिरण सुरू झाली, टेबल हललं, हात चुकला. धवल त्याच्यावर ओरडलाही होता. सेकंदाचा तिसरा हिस्सा. तेवढ्यात बायाच्या भुवया खाली येतात, ओठाचा एक कोपरा सुटतो, पडलेल्या दाताची खिडकी दिसते. की संपलं. आवाजही नाही, त्यावर ढोलकी वाजते.

तेवढा तुकडा त्यानं ताणून चार सेकंदांचा केला. त्याहून ताणला तर चित्र फाटायला लागलं.

बुधा आला. छकुलीला मांडीवर घेऊन बसला. निवृत्तीनं लावलं. पोरीनं आधी डोळे झाकले, मग बोटांतून बघितलं.

"आजीचा दात कुटं गेला?"

"उंदरानं न्येला," बुधा म्हणाला. त्यानं पडद्याजवळ तोंड नेलं. "आता हसंल बघ. आता..."

चित्र संपलं.

"म्होरं?"

"म्होरं न्हाई आबा. म्होरचं मी कापलं. कापून पुसून टाकलं."

पडद्यावरचं पीठ बुधानं पंजानं हळूच पुसलं, जसं भाकरीवरचं पुसतात. "तिनं तर ठिवाया दिलं हुतं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर निवृत्तीला बरं वाटलं असतं.

"आबा, आजी म्होरं काय करती?" छकुलीनं विचारलं.

"हसती."

"कशी?"

बुधानं तोंड उघडलं. चाळीस वर्षं ऐकलेलं हसू त्याला काही केल्या काढता येईना. त्यानं निवृत्तीकडं बघितलं. "तुमी रोज ऐकायचा. तुमाला तरी येतं का?"

निवृत्तीला सगळं पाठ होतं. त्यानं डोळे मिटले. आधी श्वास आत. तो हुबेहूब आला. बुधानं चटकन मान वर केली. मग पहिली पायरी, दुसरी, आणि तिसऱ्या पायरीवर निवृत्तीचा घसा फाटला. जे बाहेर आलं ते हसू नव्हतं. खाली पट्टा घरघरला, गिरण सुरू झाली, टेबल थरथरायला लागलं.

छकुली त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

"आबा," ती हळूच म्हणाली, "आजी अशी रडायची व्हय?"

"न्हाई गं पोरी," बुधानं तिला छातीशी धरलं. "न्हाई. हसायचीच ती."