पाणी पिणारा ट्रॅक्टर

माझं शेवटचं पोस्टिंग डोंगरात रसद पोचवणाऱ्या गाड्यांच्या ताफ्यावर, कॉन्व्हॉयवर होतं. मी वर्कशॉपचा हवालदार. गाड्या चालत्या ठेवणं एवढंच काम. रिटायर होऊन उमापूरकडच्या आमच्या गावी आलो तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. गाव मला मेजर म्हणायचं. मी सुभेदारही झालो नव्हतो, पण गावानं दिलेलं प्रमोशन परत करता येत नाही.

फौजेत संशय घेणं ही ड्यूटी असते. पुलाखालचा दगड काल तिथं नसेल, तर तो दगड नाही असं धरून चालायचं. दुष्काळानं मात्र अख्ख्या गावाला पहाऱ्यावर बसवलं होतं. कोणाच्या दारात धुणं वाळतंय, कोणाचं जनावर तरतरीत दिसतंय, यावर सगळ्यांची नजर. दारी आलेल्या माणसाला पाणी विचारायची रीतही लोकांनी सोडून दिली होती.

सोसायटीचा एक जुना ट्रॅक्टर होता. तो गोदावरीकाठच्या विहिरीवरून टँकर भरून आणायचा आणि चावडीसमोर पाणी वाटलं जायचं. टँकर भरून निघायचा, पण शेवटच्या घरांना पाणी पुरायचं नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं.

ड्रायव्हर बिरू, मेंढपाळाच्या घरचा. अर्धी मेंढरं विकून झालेली, घर त्याच्या पगारावर चाललेलं. त्याचं म्हणणं, इंजिन गरम होतं, रेडिएटर पाणी पितो, म्हणून वाटेत टँकरमधलंच पाणी घालावं लागतं. चेअरमननी ट्रॅक्टर चावडीसमोर उभा करून बराच वेळ चालू ठेवला. खाली एक थेंब पडला नाही. लोकांनी निकाल लावला की टँकरचं पाणी बिरूची मेंढरं पितात.

मग चेअरमननी बिरोबाच्या देवळातली हळद, भंडारा मागवला. तो हातात घेऊन बोल, म्हणाले, की टँकरचं पाणी मी कोणाला देत नाही. बिरूनं पुढं केलेला हात मागं घेतला.

"कावून रे?" चेअरमननी विचारलं.

"न्हाई उचलत."

चावडीत कुजबुज झाली. चेअरमन माझ्याकडं वळले. म्हणाले, मेजर, तुम्ही आठवडाभरात बघा, नाहीतर ट्रॅक्टरवर दुसरा माणूस बसेल. खरं सांगतो, माझाही संशय बिरूवरच होता. खरा माणूस भंडाऱ्याला कशाला भिईल?

दुसऱ्या दिवशी मी मडगार्डवर बसून फेरीला गेलो. येताना गावाबाहेर म्हाताऱ्या गयाबाईच्या वस्तीपाशी बिरूनं ट्रॅक्टर हळू केला, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा वेग दिला. मी मनात नोंद केली.

गयाबाईचा मुलगा लान्स नायक उत्तम आमच्याच कॉन्व्हॉयचा ड्रायव्हर. तो म्हणायचा, उभी गाडी खोटं बोलते, ओझं देऊन चढावर घाल आणि मग विचार. मी तेच केलं. भरला टँकर चढावर नेला. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तेव्हा थांबवलं, इंजिन चालू ठेवलं आणि बॅटरी घेऊन पंख्यामागं वाकलो.

पंख्यामागं वॉटर पंप असतो. त्याच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी त्या भोकातून बाहेर येतं. इथं थेंबामागून थेंब येत होता, पंख्याचा वारा तो मागं तापलेल्या इंजिनावर फेकत होता, आणि जमिनीवर पडायच्या आत तो वाळून जात होता. इंजिनावर क्षाराची पांढरी रेघ उमटली होती. तिच्यात पिवळी रेघ मिसळलेली पाहून मी बिरूला विचारलं.

"भंडारा हाय," तो खाली बघत म्हणाला. "हळदीनं गळती बुजती म्हणत्यात. देवळातला आणून रेडिएटरात टाकला."

हळदीनं रेडिएटरचं बारीक भोक बुजतं, पंपाचं सील बुजत नाही. पण पाणी कुठून जातंय ते त्या हळदीनंच दाखवलं. इंजिन बंद करून पंख्याचं पातं हलवलं तर शाफ्ट खुळखुळत होता. बेअरिंगही गेलं होतं.

गेवराईहून नवा पंप आणला. इंजिन थंड होऊ दिलं. रेडिएटरचं पाणी बादलीत उतरवून झाकून ठेवलं, कारण तेही टाकून द्यायची सोय नव्हती. पट्टा, पंखा, मग पंप काढला. जुनं पॅकिंग खरवडलं, नवं बसवलं, बोल्ट समोरासमोरचे सारखे कसले. पाणी फडक्यातून गाळून परत भरलं. चढावर काटा मधोमध थांबला. चेअरमननी बिरूला चहा पाजला.

तरीही टँकर थोडा कमीच येत होता. आता दोष द्यायला पंप नव्हता. मला राग आला. गयाबाईच्या वस्तीसमोर बाभळीआड जाऊन बसलो. ट्रॅक्टर आला, थांबला. बिरूनं दोन घागरी भरल्या आणि म्हातारीच्या ओट्यावर नेऊन ठेवल्या. मी आडोशातून बाहेर आलो. तो पळाला नाही.

"म्हणून भंडारा उचलला नाहीस?"

"खोटा कसा उचलू, मेजर? म्हातारीला चावडीपोतर येववत न्हाई. वस्तीवर टँकर थांबवायचा न्हाई, आसा सोसायटीचा ठराव हाय. सांगितलं असतं तर बंद केलं असतं तुमी."

केलं असतं. मी त्याला गावात जायला सांगितलं. संध्याकाळी चेअरमनना म्हणालो, टँकर वस्तीवर थांबेल, त्या दोन घागरी माझ्या घरच्या वाट्यातून वळत्या करा. घरी बायको दोन दिवस बोलली नाही.

पण त्याआधी, त्याच दुपारी बिरू गेल्यावर मी गयाबाईच्या ओट्यावर बसलो. तिनं विचारलं, "उत्तम पाणी आणाया गेलता म्हणं. मिळालं का रं त्याला?"

त्या दिवशी डोंगरात उत्तमच्या गाडीचाही पंपच गेला होता. उघड्या वळणावर ती थांबली आणि मागं अख्खा कॉन्व्हॉय अडकला. रेडिओवर आवाज आला, "चार नंबर, रिपोर्ट." मी म्हणालो, "इंजिन गरम. उत्तम पाण्याला नाल्यात उतरलाय." उत्तर आलं, "जल्दी करो." उत्तम भरला कॅन घेऊन वर येत होता, तेव्हा तोफेचा शेल पडला. कॅनला वरच्या बाजूला छर्रे लागले होते. खालचं पाणी शिल्लक होतं. ते मी रेडिएटरमध्ये ओतलं.

"मिळालं, मावशी."

"मंग चालली का गाडी?"

"चालली. सगळे खाली आलो. उत्तमला त्याच गाडीतून आणलं."

तिनं मान हलवली. मग उठली, बिरूच्या घागरीतून तांब्या भरला आणि माझ्यापुढं धरला. मी तो सगळा प्यालो.