माशाच्या दगडावरचा घाव

संग्रहालयात काचेखाली आपल्याच नदीकाठच्या दगडातला मासा ठेवलाय, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा जीवाश्म. पाटी सांगते, राणीच्या राज्यातल्या एका इंग्रज साहेबाने अशा माशांचे खवले मोजण्यात आयुष्य घालवलं. म्हणून या माशाला त्याचं नाव.

सोबत आमच्या गावचे पाथरवट दामूकाका होते. मासा सोडून ते दगडाची कडच बघत राहिले. म्हणाले, "एका घावात उघडलाय. एक खवला दुखावला नाही. हा हात साहेबाचा नव्हे, आपल्यातल्याच कुणाचा तरी."

माझं डोकंच फिरलं. पाटीवर साहेबाची पदकं आहेत, दाढीवाला फोटो आहे. आणि ज्याने मासा उजेडात आणला, त्याच्यासाठी एक ओळ नाही!

काकांनी काचेवरूनच त्या घावावर बोट ठेवलं. लगेच रखवालदार खेकसला, "ओ, हात लावू नका!"