समईवरचे पुसलेले ठिपके

समईचा दांडा बैठकीत दीड वेढा फिरला आणि अडकला. मी जोर लावला. मागून मेस्त म्हणाले, "मॅडम, जोर नाका लावू. पितूळ मऊ आसता, आटे मरतले."

तोवर आटे मेले होते.

गोव्यात साखळी गावाला आमच्या सेंटरमध्ये पितळी समया घडवायचा कोर्स चाले. मी कोऑर्डिनेटर. म्हणजे हजेरी, सामान, फायली आणि दुसऱ्यांच्या कामात नाक खुपसणं. शिकवायचे ते मेस्त, पिढीजात कारागीर. सहा विद्यार्थी, सहा समया. असेसर, म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक, अर्ध्या तासात पोचणार होते.

समई अखंड नसते. बैठक, दांडा, वाटी आणि वरचा कळस असे चार भाग आट्यांनी एकमेकांत बसतात, बाटलीच्या झाकणासारखे. सकाळी मी हौसेनं सगळ्या समया सोडवल्या आणि चोवीसही भाग एकाच बालदीत चिंचेच्या पाण्यात टाकले. लख्ख निघाले. आता कुणाचा दांडा कुणाच्या बैठकीत जाईना.

मेस्तांनी एक बैठक उचलून उजेडात धरली. "खुणो खंय गेल्यो?"

मग मला कळलं. मेस्त आटे हातानं पाडत आणि तसेच पाडायला शिकवत. त्यामुळे प्रत्येक जोड फक्त आपल्या जोडीदारालाच बसतो. ओळख पटावी म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके मारायचे. पहिल्याच्या समईला एक, दुसऱ्याच्या दोन, असे सहापर्यंत. मला ते डाग वाटले. मेस्त दोन दिवस लेकीकडे गेले असताना, फिनिशिंग म्हणून, मीच मुलांना ते कानशीनं घासायला लावले. त्या सहांतली सुषमा म्हणाली होती, "मेस्तांक विचारुया मगे?" मी म्हटलं, गरज नाही. आणि आटे मेले तो दांडा नेमका तिचाच निघाला. मला फार लाज वाटली.

सुषमा इब्रामपूरहून दोन बस बदलून यायची. सोमवारी एका शाळेत क्राफ्ट टीचरसाठी तिचा इंटरव्ह्यू होता. सर्टिफिकेट नसेल तर आत घेणार नव्हते.

असेसर आले तेव्हा मेस्त जमिनीवर पितळेचा पसारा मांडून बसले होते. मी झालं ते सांगितलं. असेसर म्हणाले, "पण मॅडम, शीटवर इंटरचेंजेबल लिहिलंय. कुठलाही भाग कुठल्याही समईला बसला पाहिजे."

मेस्तांनी मान वर केली नाही. "सर, तुमचो दात म्हज्या तोंडात बसतलो?"

असेसर हसले नाहीत, पण बूट काढून खाली बसले. "जोडी शोधता कशी?"

मेस्तांनी दांडा आधी उलटा फिरवला. आटे जिथून सुरू होतात तिथे टोकं जुळली की हाताला हलकं 'टक' लागतं. मग सुलटा फिरवायचा. चुकीची जोडी असेल तर एका वेढ्यातच घट्ट होते, तिथंच सोडायची. असेसरांनी एक दांडा घेतला, मी एक घेतला. एवढी वर्षं या वर्गात वावरून पितळेला मी पहिल्यांदाच नीट हात लावत होते. टक लागलं तेव्हा मला परीक्षेचाही क्षणभर विसर पडला.

तासाभरात पाच समया उभ्या राहिल्या. उरली ती सुषमाची. तिची बैठक शाबूत होती, पण दांडा उभा राहीना. असेसरांनी पेन काढलं. "हिला पुढच्या महिन्यात परत बसू दे."

"सर, चूक माझी आहे," मी म्हटलं. "ठिपके मी पुसायला लावले, आटेही मीच मारले."

"मॅडम, मी काम तपासतो. चूक कुणाची ते नाही."

सुषमा पुढे आली. "मग सर, काम बघा. हंयच करतंय."

तिनं दांड्याचं मेलेलं टोक कापलं, लेथवर साफ करून घेतलं आणि हातानं नवे आटे पाडायला लागली. दर दोन वेढ्यांनी बैठकीत घालून बघायची, काढायची, पुन्हा. मेस्त खिशात हात घालून उभे. एकदा त्यांचा हात बाहेर आला, तिनं नुसतं बघितलं, तो परत आत गेला. असेसरांची बस निघून गेली, तरी ते थांबले. पाऊण तासानं दांडा बैठकीत शेवटपर्यंत गेला. वाटीत पाणी भरलं. पाचही वातींच्या चोचींपाशी ते सारखं आलं, म्हणजे समई सरळ.

असेसरांनी टेप लावली. कापल्यामुळे ती एक बोट बुटकी झाली होती. उंचीचे मार्क गेले, बाकीचे मिळाले. सुषमा पास झाली आणि सोमवारी इंटरव्ह्यूला गेली. आज ती शाळेत शिकवते.

सिलॅबसमध्ये आता 'खूण मारणे' असा अर्धा तास आहे. खूण मारायला अर्धं मिनिट पुरतं. उरलेला वेळ मेस्त नव्या बॅचला माझी गोष्ट सांगतात.