माझ्या नाकाची साक्ष

आमच्या अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात त्या काळी दारू तपासायचं एकच यंत्र होतं, आणि ते माझ्या तोंडावर, दोन डोळ्यांच्या मधोमध बसवलेलं होतं.

दिवस दारूबंदीचे. जमादार नाक्यावर मोटारी अडवायचा आणि ज्या ड्रायव्हरचे डोळे लाल दिसतील त्याला आमच्याकडे आणायचा. चैत्र-वैशाखात वऱ्हाडात डोळे कोणाचे लाल नसतात, हे त्याला सांगणार कोण? तपासायचे डॉक्टर. म्हणजे कागदावर तसं होतं. पण डॉक्टरसाहेबांना तपकिरीचा नाद. तीस वर्षं ओढून ओढून त्यांच्या नाकाचं गोदाम झालेलं. टेबलावर स्पिरिटची बाटली फुटली तरी ते शांतपणे पेपर वाचत बसायचे. म्हणून ड्रायव्हर समोर आला की ते माझ्याकडे मान वळवून विचारायचे, "काय रे?" मी कंपाउंडर. मी ड्रायव्हरच्या तोंडाशी नाक न्यायचो, निकाल द्यायचो, आणि खाली सही डॉक्टरांची व्हायची.

नाकाची कीर्ती पार मोर्शी-वरुडपर्यंत गेली होती. मोहाची दारू हुंगून ती कोणत्या नाल्याकाठी गाळली ते मी सांगायचो, शिवाय गाळणाऱ्यानं सकाळी पिठलं खाल्लं की ठेचा तेही. एकदा ट्रक नाक्यावर पोचायच्या आधीच मी दवाखान्याच्या ओट्यावरून सांगितलं होतं, तिघं बसलेत, दोघं प्यालेले आहेत. यातलं थोडं मी पसरवलं होतं, बाकीचं जमादारानं. शेवटी असं झालं की इतवारा बाजारात मी दिसलो की ड्रायव्हर लोक तोंड मिटून घ्यायचे.

नाकाच्या जोडीला फरशीवर चुन्याची एक रेघही होती. तिच्यावरून ड्रायव्हरला चालवायचं. पण आमची फरशी इतकी कललेली, की उपाशी भटजीसुद्धा तिच्यावरून चालता चालता खिडकीत जाऊन उभा राहिला असता. रक्त काढून तपासायची सोय आमच्यापर्यंत पोचली नव्हती. राहता राहिलं माझं नाक.

एका चैत्रात जमादारानं अकोल्याचा एक ड्रायव्हर आणला. धारणीहून मोहफुलांची पोती घेऊन ट्रक येत होता, ठेकेदाराचा परवाना खिशात. परतवाड्याच्या रस्त्यावर, नाक्याजवळ, ट्रक एका बैलगाडीला घासून गेला आणि बैलाचं शिंग मोडलं. माणसाला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण बैलाचं शिंग मोडलं म्हटल्यावर अर्धं गाव मागोमाग दवाखान्यात आलं.

"प्याला आहे," जमादार म्हणाला. "लांबून वास येऊन राहिला."

"साहेब, टायर गेलं म्हून धारणीच्या रस्त्यावर मुक्काम पडला," ड्रायव्हर म्हणाला. "पोत्यायवर झोपलो मी. सदरा हुंगसान तर मोहच येईन. तुमी माहं तोंड हुंगा ना."

मागणी अगदी रास्त होती. फुलांचा वास वेगळा, दारूचा वेगळा. सदरा वेगळा, तोंड वेगळं. माझ्या नाकाचं काम तेवढंच तर होतं.

आणि त्या दिवशी मला सर्दी होती. आदल्या दिवशी उन्हात बर्फाचे दोन गोळे चोखले होते, आणि नाकात जणू कोणी काळी माती कालवून लिंपली होती. फिनेलचा बोळा नाकाशी धरला असता तरी मला त्याचा पत्ता लागला नसता.

"डॉक्टरसाहेब, आज मला सर्दी आहे." एवढे पाच शब्द होते. पण दार माणसांनी भरलेलं. जमादारानं त्यांना बाहेर सांगूनच ठेवलं होतं, आता पाहा आमच्या कंपाउंडरची करामत. मी वाकलो. लांब श्वास ओढला. वारा आत गेलाच नाही, नुसते कान वाजले. मग जरा थांबलो, कारण मी नेहमी थांबायचो, आणि म्हणालो, "घेतली आहे. मोहाची. रात्रीची नाही, सकाळची."

सकाळची की रात्रीची, हे मला कोणी विचारलंही नव्हतं.

ड्रायव्हर माझ्याकडे पाहत राहिला. रागानं नाही. मान थोडी कलती करून, गाडीत कुठं काय वाजतंय ते ऐकावं तसा.

कोर्टात डॉक्टरांचा दाखला चालला. काही महिने त्याचं लायसन गेलं, आणि परत मिळालं ते शेरा घेऊनच: दारू पिऊन वाहन चालवले. महिने संपतात, शेरा संपत नाही. शेऱ्याच्या ड्रायव्हरच्या हाती कोणी आपला ट्रक देत नाही.

त्या वर्षी डॉक्टरांनी ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचला. देशात मोटारी वाढल्या, अपघात वाढले, पिऊन गाडी हाकणारे वाढले, मोठी चिंतेची बाब आहे. "कठीण आहे," म्हणत त्यांनी तपकीर ओढली. मला ठाऊक होतं, पिऊन सापडलेल्यांचा आमचा तक्ता दर महिन्याला वर जातो, तिथून आणखी वर. म्हणजे देशाच्या त्या चिंतेत माझे बर्फाचे दोन गोळेही होते. त्यानंतर मी हुंगायचा थांबलो नाही. फक्त पिठलं-ठेचा सांगणं सोडलं.

पुढे डॉक्टर वारले आणि माझी बदली अकोल्याला झाली. एक दिवस सरकीची गाडी हाकणारा एक माणूस बोट चेपलं म्हणून आला. मी पट्टी बांधत होतो.

"कंपाउंडर साहेब, नाक चालते का अजून?" तो म्हणाला.

मी ओळखलं. पट्टीची गाठ मारली. म्हणालो, "त्या दिवशी मला सर्दी होती."

"तवाच समजलं मले. नाकात बोलून राहिले व्हते तुमी."

"मग बोलला काहून नाही?"

"बोललो असतो त तुमीच म्हनले असते, प्याला म्हून बडबडून राहिला."

मी त्याला लायसनच्या कचेरीत घेऊन गेलो. खरं लिहून दिलं, सर्दीसकट, खाली माझी सही. नोकरी जायची तर जाऊ दे, असं ठरवूनच गेलो होतो. कारकुनानं कागद वाचला, मग कोर्टाच्या निकालाची नक्कल काढून वाचली.

"यात तुमचं नाव कुठं आहे?"

"हुंगलं मी."

"वास डॉक्टरांना आला, असं लिहिलं आहे. त्यांचा कागद आणा."

"ते वारले."

"मग राहिलंच," म्हणून त्यानं माझा कबुलीजबाब नीट घडी करून मला परत दिला. ज्या नाकाला साऱ्या जिल्ह्यातले ड्रायव्हर भ्यायले, ते कागदावर कधी नव्हतंच.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "बसा, दवाखान्यापर्यंत सोडतो. बैलाले लायसन लागत नाही."

मी सरकीच्या पोत्यांवर बसलो. मागून एक ट्रक आला. त्यानं बैलगाडी कडेला घेतली, मान कलती केली आणि ट्रक वळणाआड जाईपर्यंत तशीच ठेवली.

"दुसऱ्या गेरवरच ओढून राहिला बावा," तो म्हणाला. "आता तिसरा टाकाले पायजे."